भिंगरी ऐकत नाही

घाईबाई हे नाव तिला मीच ठेवलं. कानाची तपासणी शिकवणाऱ्या विभागात आम्ही दोघी पीएच.डी. करत होतो आणि एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसत होतो. ती यायची धापा टाकत, जायची धावत, आणि मधल्या वेळात वाचताना तिचा एक पाय टेबलाखाली सारखा हलत असायचा. त्या हादऱ्यांनी माझ्या कपातला चहा डुचमळायचा. एकदा मी वैतागून विचारलं, "अगं बाई, तुझी गाडी चुकतेय का कुठली?" ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "सगळ्याच."

मी तिच्याहून मोठी, बिनलग्नाची आणि तोंडाने फटकळ. माझ्याशी कुणाचं फार दिवस पटत नाही. तिचं पटलं, कारण माझं बोलणं मनाला लावून घ्यायला तिला वेळच नव्हता.

नवरा बोटीवर इंजिनाच्या कामाला. महिनोन्‌महिने समुद्रात, आणि घरी आला की जमीन हलतेय म्हणून आधी झोपूनच काढायचा. घरी सासूबाई, गुडघ्यांनी हैराण पण जिभेने खणखणीत. सासू-सुनेचं छान पटायचं, त्यामुळे शेजारणींची मोठी गैरसोय व्हायची. आणि मुलगी, बालवाडीत जाणारी. एका जागी म्हणून थांबायची नाही, स्वतःभोवती गरागरा फिरत बोलायची, म्हणून तिचं नाव भिंगरी. मला ती मावशी म्हणायची. म्हणजे 'मावई' म्हणायची. 'श' आणि 'स' तिच्या तोंडात येतच नसत. साबणाला आबण, शाळेला आळा. सासूबाई ते बोबडे बोल आल्यागेल्याला ऐकवायच्या आणि हसून हसून डोळे पुसायच्या.

या सगळ्यात घाईबाईची स्वतःची अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे तिची दुखरी दाढ. गाल सुजला तरी ती दंतवैद्याकडे जाईना. "प्रबंध झाला की जाते," म्हणायची. केस कापायचे, प्रबंध झाला की. चष्म्याचा नंबर वाढला होता, तोही प्रबंध झाला की. मी म्हटलं, "मग तोवर श्वास तरी घेतेस ना, की तोही नंतर?"

आधी असं नव्हतं. शनिवारी सकाळी आम्ही तिघी पोहायला जायचो, ती, मी आणि आमची एक वकील मैत्रीण. घाईबाईला पाण्यात पाहावं. तिथे तिचा पाय शांत असायचा. पाठीवर पडून, छताकडे बघत, ती कितीतरी वेळ नुसती तरंगत राहायची. मग एक शनिवार चुकला, मग पुढचाही चुकला, आणि हळूहळू वकीलबाईने तिला विचारणंच सोडून दिलं. "ही मैत्रीण आहे की कोर्टातली तारीख?" ती मला म्हणाली. "बघावं तेव्हा पुढे ढकललेली." हे घाईबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती खूप रडली, आणि रडता रडताच तिने प्रबंधाचं अर्धं पान टाइप केलं. मी समोर होते म्हणून सांगते.

तिला भीती कशाची वाटत नव्हती, ते विचारावं. मार्गदर्शक मॅडमचा फोन, बालवाडीचा फोन, बोटीवरून न येणारा फोन. फोन वाजला की उचलण्याआधी तिचा हात थबकायचा. मला वाटायचं, बाई जरा घाबरट आहे. आता वाटतं, या बारीकसारीक गोष्टींना ती दिवसभर घाबरून घ्यायची, ते एका मोठ्या गोष्टीकडे बघायला लागू नये म्हणून.

ती गोष्ट त्या घरात रोज सगळ्यांच्या तोंडी होती. भिंगरी ऐकत नाही. सासूबाई म्हणायच्या, "दहा हाका मारा, ढिम्म हलणार नाही. बापावर गेलीय, अजिबात ऐकत नाही." बालवाडीच्या बाई म्हणायच्या, "हुशार आहे हो, पण या कानाने ऐकते आणि त्या कानाने सोडून देते." शेजारीण म्हणायची, एकुलती एक आहे, लाडावलीय. आणि आई म्हणायची, माझं लक्ष कमी पडतं ना, म्हणून हट्टी झालीय. आपल्या भाषेची गंमत बघा. मूल सांगितलेलं करत नसलं तरी ते ऐकत नाही, आणि त्याच्या कानात आवाज शिरत नसला तरी ते ऐकतच नाही. आम्ही दोघी कानवाल्या, हा फरक करण्यातच उमर घालवायची असं ठरवलेल्या. तरी चहा पिताना ते वाक्य आलं की आम्हीही बाकीच्यांसारख्या हसायचो. यालाच दिव्याखाली अंधार म्हणत असावेत.

मग तो टेंपो आला.

त्या दिवशी बालवाडी लवकर सुटली आणि सासूबाईंचे गुडघे सुजलेले, म्हणून घाईबाईने लेकीला विभागातच आणलं होतं. संध्याकाळी आम्ही तिघी मागच्या दाराने निघालो. मागे एक अरुंद गल्ली आहे, तिथे माल उतरवायच्या गाड्या लागतात. घाईबाई दारातच फोनवर मॅडमशी बोलत थांबली, मी पिशवीत छत्री शोधत होते, आणि भिंगरी गल्लीच्या मधोमध उभी राहून जमिनीवरचं काहीतरी न्याहाळत होती. तेवढ्यात टेंपो मागे येऊ लागला. मागे येताना वाजतो तो टीं टीं टीं असा बारीक, कर्कश आवाज सुरू झाला. गल्लीतल्या दोन बायकांनी कानांवर हात ठेवले. एक कुत्रं उठून बाजूला झालं.

भिंगरीने मान वळवली नाही.

मी हाक मारली. तिने मान वळवली नाही. टेंपोचं मागचं फळकूट तिच्या डोक्याच्या उंचीला होतं आणि ते तिच्याकडे सरकत होतं. मी पिशवी टाकली, धावले आणि तिला दंडाला धरून ओढलं. ती माझ्या अंगावर आपटली आणि रागाने माझ्याकडे बघू लागली. "मावई, माजा मुंगळा गेला ना," ती म्हणाली. तिने टेंपो पाहिला तो त्यानंतर, आणि मग मात्र तिचे ओठ थरथरले.

टेंपोची भीती मागे पडली होती. मला घाबरवत होती ती दुसरीच गोष्ट. बारीक आवाज जात नसेल, तर 'स' आणि 'श' पण जात नसणार. जे कानात येत नाही ते तोंडात कुठून येणार? आबण, आळा, मावई. आमच्या पुस्तकात हे ठळक अक्षरात छापलेलं असतं.

घाईबाई धावत आली, तिने लेकीला उचललं, छातीशी धरलं. मी तिथल्या तिथे बोलून टाकलं, "तिला तो आवाज आला नाही."

"मुंगळा बघत होती. लक्ष नव्हतं तिचं."

"कुत्र्याचं होतं."

"मी तपासलंय तिला." तिचा आवाज एकदम कोरडा झाला. "आपल्या मशीनवर, आपल्या खोलीत, दोनदा. जाडे आवाज, बारीक आवाज, सगळे. दोन्ही वेळा सगळं नॉर्मल. माझ्या प्रबंधात नॉर्मल मुलांच्या गटात पहिलं नाव तिचं आहे. दार आपटलं तरी दचकते ती."

"दार आपटणं हा जाडा आवाज. जन्मल्यावर ऐकू येत होतं म्हणून आजही येत असेल असं नसतं, हे तू मला सांगायला हवंस."

"तू आई नाहीस," ती म्हणाली. "तुला काय कळतंय."

हे वाक्य लोक माझ्या तोंडावर मारतात, मला सवय आहे. पण तिच्याकडून लागलं. मी निघून गेले आणि पुढचे काही दिवस आम्ही एकमेकींना पाठ लावून, एक अक्षर न बोलता बसलो. तिचा पाय हलत होता, माझा चहा डुचमळत होता. मला रोज वाटायचं, विचारावं. आणि रोज भीती वाटायची. माझं खरं निघालं तर ती उभीच्या उभी मोडेल आणि खोटं निघालं तर मैत्रीण जाईल. शिवाय एक गोष्ट मला उलगडत नव्हती. ती लबाड नव्हती. ती म्हणत होती दोनदा तपासलं, तर तिने दोनदा तपासलंच होतं. मग चूक कुठे होती? की चूक माझीच होती?

शेवटी राहवेना म्हणून एका दुपारी, ती ग्रंथालयात आहे हे बघून, मी तिच्या घरी गेले. भिंगरी खिडकीपाशी पाठ करून चित्रं काढत होती. सासूबाईंनी मला खुर्ची दिली, आणि मग नातीला दूध प्यायला बोलवायचं होतं तर त्या आपल्या दुखऱ्या गुडघ्यांवर कण्हत उठल्या, खोली ओलांडून गेल्या आणि तिच्या खांद्याला हात लावला. भिंगरी लगेच वळली, हसली, पेला घेतला.

"हाक का नाही मारली?" मी विचारलं.

"हाक मारून कुठे ऐकते ती," सासूबाई म्हणाल्या. "हात लावला की कशी शहाण्यासारखी ऐकते. मी हाका मारणं सोडूनच दिलंय बाई. उगाच घसा कशाला कोरडा करा."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी घाईबाईला गाठलं. ती हात धुवायच्या बेसिनपाशी उभी होती, दाढेत कापूस धरून. मी म्हटलं, "मला एकदा तपासू दे. नॉर्मल निघालं तर मी तुझी माफी मागेन, आणि वर तुझा सगळा प्रबंध तपासून देईन, शुद्धलेखनासकट."

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ही आता ओरडणार. ती म्हणाली, "मला रात्री झोप येत नाही गं." मग नळ बंद केला, दोनदा घट्ट पिळला, आणि म्हणाली, "रविवारी कर. कुणी नसतं."

रविवारी विभाग रिकामा होता. आमच्या तपासणीच्या खोलीत एक छोटी, आवाजबंद कोठी आहे, तिला एक काच. मूल आत बसतं, कानांना हेडफोन लावून, आणि तपासणारी काचेच्या बाहेर मशीनपाशी. आतला आवाज बाहेर ऐकू यावा म्हणून एक स्पीकर असतो. खेळ सोपा आहे. मुलाच्या हातात लाकडी ठोकळा द्यायचा, त्याने तो गालाशी धरायचा, आणि हेडफोनमध्ये आवाज आला की पत्र्याच्या डब्यात टाकायचा. भिंगरीला तो खेळ पाठ होता. ती आपली आपण खुर्चीवर चढली, हेडफोन घातले आणि ठोकळा गालाशी धरून तयार झाली.

मी मशीनपाशी बसले. घाईबाई माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. मी घुमणाऱ्या, जाड्या आवाजांपासून सुरुवात केली. बटण दाबलं, मशीनवर माझ्या बाजूचा दिवा लागला, आणि डब्यात ठोकळा पडला, टण्. आवाज लहान केला. टण्. आणखी लहान. टण्. मग मी हळूहळू बारीक आवाजांकडे सरकले. बटण दाबलं. टण्. अगदी हळू केला. टण्. टेंपोच्या आवाजाहून बारीक, डासाच्या गुणगुणण्याएवढा. टण्.

माझ्या जिवात जीव आला. इतकी चुकीची ठरल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. मागून घाईबाईने सोडलेला श्वास माझ्या मानेला लागला. "सांगितलं होतं ना," ती म्हणाली.

मी हसत काचेतून भिंगरीकडे पाहिलं, तिला शाबासकीचा अंगठा दाखवावा म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. एकटक, पापणी न लववता, मांजर उंदराच्या बिळाकडे बघतं तशी. तिचा तोंडवळा ऐकणाऱ्या मुलाचा नव्हता. ऐकणारं मूल कुठेच बघत नसतं.

मी मागे वळून न बघता मशीनवरचे आकडे पुन्हा मागे नेले.

"तू जरा बाहेर थांबतेस?" मी म्हटलं.

"का? झालं ना सगळं."

"एकदाच. फक्त बारीक आवाज."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा." पण ती गेली. व्हरांड्यात गेली, दार लोटून घेतलं.

मी बटण दाबलं. भिंगरी ठोकळा गालाशी धरून बसली होती. ती दाराकडे बघत होती. मी आवाज वाढवला. ठोकळा गालाशीच. आणखी वाढवला. आता तो माझ्या कानात वाजला असता तर मी हेडफोन फेकून दिला असता. ठोकळा गालाशीच. जाडा आवाज दिला, हळू. टण्. तो तिला येत होता. बारीक दिला. काही नाही.

मग भिंगरीने हेडफोन एका कानावरून सरकवला आणि काचेजवळ येऊन मला म्हणाली, "मावई, आईला बोलाव ना."

"कशाला गं?" मी माइकपाशी तोंड नेऊन, ओठ मोठे हलवत विचारलं.

"ती भुवई वर करते ना, मग टाकायचा अतो. आता कोणी करतच नाही."

स्पीकर चालू होता. दार नुसतं लोटलेलं होतं.

पहिल्या वर्षी, पहिल्या आठवड्यात आम्हाला शिकवतात की मुलाला तपासताना चेहरा कोरा ठेवा, नाही तर ते कानाऐवजी डोळ्यांनी उत्तर देतं. घाईबाई हे धडे नवीन मुलींना शिकवायची. परक्या पोरांसमोर तिचा चेहरा पाटीसारखा कोरा असायचा. पण समोर स्वतःची लेक, आणि मनात एकच धावा, येऊ दे, हिला हा आवाज येऊ दे. बटणाबरोबर तो धावा तिच्या भुवयांतून बाहेर पडत होता, तिला न कळत. आज बटण मी दाबत होते, तरी दिवा लागलेला तिला मागून दिसत होता. आणि पोरीला वाटत होतं, खेळ हाच आहे. आईचा चेहरा बघायचा आणि आईला हवं ते करायचं. सगळे म्हणत होते ती ऐकत नाही. एवढं कुठलं मूल ऐकत असेल?

दार उघडलं. घाईबाई आत आली होती. ती रडत नव्हती. मी उठायला लागले तर तिने हाताने मला बसवलं.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

"अगं, मी केलं. उद्या मोठ्या तपासणीला नेऊ, कानाला लावायची यंत्रं असतात, लवकर लावली तर..."

"मला माहीत आहे यंत्रं असतात. मी शिकवते ते. आधी पुन्हा कर. माझ्या समोर."

मी भिंगरीला खूण केली, तिने हेडफोन नीट केला, ठोकळा गालाशी धरला आणि आईला बघून तिचा चेहरा उजळला. आता जमणार होतं तिला. घाईबाईने लेकीकडे एकदा पाहिलं, आणि मग ती वळली. भिंतीकडे तोंड करून, कपाळ भिंतीला टेकवून, दोन्ही हातांनी चेहरा झाकून उभी राहिली. इतकी निश्चल मी तिला पाण्याबाहेर कधी पाहिलं नव्हतं.

मी बटण दाबलं. आमच्या मशीनचं बटण दाबलं की खट् वाजतं. खोलीत दुसरा आवाज नव्हता. ती खट् ऐकत होती आणि त्याच्यामागून येणाऱ्या टण्‌ची वाट बघत होती. मी आवाज वाढवला. खट्. तिचे खांदे वर चढले, तसेच राहिले. आणखी वाढवला. खट्. मला थांबायचं होतं, पण तिने भिंतीकडूनच म्हटलं, "वाढव." मी वाढवत गेले. काचेआड भिंगरी ठोकळा गालाशी धरून आईच्या पाठीकडे बघत बसली होती, आई कधी वळते म्हणून.